गाड्यांची मासळी

गाडी कुठल्या कंपनीची आहे हे माझ्या आईला कधी कळलं नाही, आणि कळून घ्यायची तिला गरजही वाटली नाही. तिच्या हिशोबी मीरा रोडच्या रस्त्यावर पापलेटं फिरतात, बोंबील फिरतात आणि मांदेल्या तर पाटीने फिरतात. गाड्यांना नावं ठेवायची खोड तिच्या एकटीची नाही म्हणा. लहान टेम्पोला सगळी मुंबई छोटा हत्ती म्हणते, जुन्या तीनचाकी टेम्पोला डुक्कर म्हणते, चौकोनी व्हॅनला डबा म्हणते. कंपन्या एवढं डोकं लढवून परदेशी नावं शोधून आणतात आणि लोक एका सकाळी त्याचं डुक्कर करून मोकळे होतात. पण ती नावं कोणी ठेवली ते कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे भांडायला कोणी जात नाही. आईने ठेवलेल्या नावांचं भांडण मात्र सरळ आमच्या दारात आलं.

आई उत्तनची. जन्म तिथला, लग्न तिथलं, आणि अर्धं आयुष्य भाईंदरच्या बाजारात मासळी विकण्यात गेलं. वडील गेल्यावर भावाने होडी सांभाळली. मी शिकले, नोकरीला लागले आणि मीरा रोडला फ्लॅट घेऊन राहिले. आईच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा डायलिसिसचं सेंटर माझ्या घराजवळ म्हणून ती माझ्याकडे आली. जवळ म्हणजे नकाशावर जवळ. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातची पाळी. उशीर झाला तर तुमच्या मशीनवर दुसरा पेशंट चढवतात, आणि त्यात सेंटरवाल्यांचंही काही चुकत नाही, बाहेर माणसं वाट बघत बसलेली असतात. तिला आत सोडायचं, बाहेरच्या बाकावर बसून ऑफिसच्या मेल बघायच्या, दुपारी तिला घरी आणून वरण-भात वाढायचा आणि उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी अंधेरी गाठायची. मी दमलेली आहे. ही तक्रार नाही. कोणी आपली उंची सांगावी तसं सांगते आहे.

आमच्या सोसायटीत गाड्या जास्त आणि जागा कमी. त्यामुळे भिंतीला लागून एक रांग, तिच्यापुढे दुसरी, आणि फाटकापाशी जमेल तशी तिसरी. यावर सगळ्यांनी मिळून काढलेला तोडगा असा की, पुढे लावलेली गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही, आणि पुढच्या चाकाखाली एक दगड लावायचा. मागच्याला निघायचं असेल तर त्याने दगड काढावा, गाडी ढकलावी, आपली बाहेर काढावी आणि दगड परत लावावा. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे बघून धक्का बसतो. आम्हाला त्यात काही वाटत नाही. माझ्या खांद्याचं दुखणं या पद्धतीतूनच आलं आहे, तेही आता जुनं झालं.

सुरुवातीला डायलिसिसच्या सकाळी मी खाली जाऊन नुसती गोंधळून उभी राहायची. कुठली गाडी आधी ढकलली तर कुठलीला वाट मिळेल, हे जमिनीवरून दिसत नाही. आईला वरून, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, सगळं स्वच्छ दिसायचं. पण तिला मला सांगायचं कसं? सगळ्या गाड्या पांढऱ्या नाहीतर करड्या. मग एक दिवस वरून हाक आली, "गो, आदी त्या बोंबलाला मागं सार! मंग पापलेट आपोआप निगंल!"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. ती लांबुळकी, मधेच खाली बसल्यासारखी दिसणारी व्हॅन, तो बोंबील. चपटी रुपेरी सेडान, ते पापलेट. दोन्ही बाजूंना आरसे पसरून जागा अडवणारी काळी जाडजूड गाडी, ती चिंबोरी. लाल, महागडी, मालक रोज पुसतो ती शेवंड. आणि लहान गाड्या सगळ्या मांदेल्या, त्यांच्यात ती फरक करायची नाही. एका कंपनीची, एका घाटाची गाडी म्हणजे एकच मासा, मग ती आमच्या आवारात असो नाहीतर नया नगरच्या सिग्नलला. सेंटरला जाताना ती खिडकीतून बघत म्हणायची, "आज पापलेट लय दिसतंय." मला हसू यायचं. सकाळच्या त्या वेळी हसू येणं ही माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

वॉचमनने ती नावं उचलली, कारण त्याची सोय झाली. तो उत्तर प्रदेशातला, त्याने यातला एकही मासा कधी पाहिला नव्हता, पण इंटरकॉमवर बिनधास्त सांगायचा, "पापलेटवाले साहब, गाडी निकालिए." मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर सुरू झालं. चिंबोरीच्या मालकांनी कृपया सरळ लावावी. शेवंडचा अलार्म वाजतो आहे. काहींना गंमत वाटायची, काहींना राग यायचा. चिंबोरीवाल्यांनी तर पाठीमागच्या काचेवर खेकड्याचं स्टिकरच लावलं.

आमच्या गाडीला आईने नाव ठेवलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आपल्या वस्तूला कोन नाव ठेवतं? नावं लोकांच्या वस्तूला ठेवायची." पण लोकांनी ते काम केलं. एकदा मी दगड काढायला वाकले होते आणि मागून कोणीतरी म्हणालं, "हटा दो, हटा दो, डायलिसिस निकल रही है." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वळून चार शब्द सुनावलेही. वर आल्यावर आईला सांगितलं तर तिला ते आधीपासून माहीत होतं. "बोलूं दे गो," ती म्हणाली, "वाट तरी देतात ना." मी मात्र त्या माणसाशी पुढे बरेच दिवस बोलले नाही.

भांडण झालं ते समोरच्या फ्लॅटमधल्या भाईंशी. ते गुजराती, कपड्यांच्या व्यापारात, रोज सकाळी पायी देरासरला, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जाणारे, घरात कांदा-लसूणही न शिजवणारे. माणूस सरळ, थोडा तापट. मला बेन म्हणतात, आईला माजी. त्यांची गाडी जुनी, लहान, मूळचा रंग तपकिरी, उन्हाने पार विटलेली. तिचं नाव आईने ठेवलं होतं सुकट.

त्यांना ते कित्येक दिवस माहीतच नव्हतं. मग त्यांच्या मुलीच्या सासरचे पाहुणे आले, आणि वॉचमनने त्यांना फाटकातच मोठ्याने विचारलं, "सुकटवाले भाई के घर? दूसरा माला." पाहुण्यांनी वर जाऊन विचारलं, सुकट म्हणजे काय? तेवढ्यात कोणा शेजाऱ्याने उत्साहाने समजावून सांगितलं की, बारीक कोळंबी उन्हात वाळवतात, तिचा वास असा असा असतो.

पाहुणे गेल्यावर भाई आमच्या दारात उभे. मागे त्यांच्या पत्नी, डोळ्यांना पदर लावून. "माजी, मेरे समधी के सामने मेरी क्या इज्जत रही? हमारे घर में अंडा नहीं आता, और मेरी गाडी सुकट?"

आईला खरोखर कळलं नाही काय बिघडलं ते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते म्हणून सांगते. डॉक्टरांनी तिला सगळ्यात आधी जे बंद केलं ते सुकट, मिठामुळे. बाकी सगळं तिने सोडलं, कुरकुर न करता. सुकट सोडताना मात्र ती दोन दिवस जेवली नव्हती. ज्या गाडीला तिने ते नाव दिलं, तिच्यावर तिचा जीव होता. सगळ्यांत जुनी, सगळ्यांत गरीब, आणि ढकलायला सगळ्यांत हलकी. हे तिला हिंदीत सांगता येईना. ती एवढंच म्हणाली, "भाई, सुकट बोले तो सबसे अच्चा."

"अच्छा?" भाई ओरडलेच. मग हात जोडले. "माजी, मैं हाथ जोडता हूं. मेरी गाडी को कोई भी नाम मत दो. कोई भी नहीं."

मी भाईंवर चिडले, आईवर चिडले आणि फुकटचं ज्ञान देणाऱ्या त्या शेजाऱ्यावर तर सगळ्यांत जास्त. सकाळी उठून दगड काढणारी मी, आणि लोकांची समजूतही मीच काढायची. आई मात्र शांतपणे म्हणाली, "न्हाय देनार नाव." भाई गेले. त्या दिवसापासून आईने कुठल्याच गाडीला नाव ठेवलं नाही. जुनी नावंही तिच्या तोंडी येईनाशी झाली. डायलिसिसच्या सकाळी ती खिडकीशी यायची बंद झाली, आणि मी खाली पुन्हा अंदाजाने गाड्या ढकलू लागले.

एवढ्या गोष्टीने माणूस मिटतो का? मला तेव्हा वाटलं, नाही. आजारी माणसाचे रुसवे असतात, जातील. पण हा रुसवा गेला नाही. गाडीत बसली की डोळे मिटून घ्यायची. सिग्नलला पापलेटांची रांग लागली असली तरी बघायची नाही. मी मुद्दाम म्हणायची, "आई, ही नवीन कुठली गं? हिला काय म्हणायचं?" ती म्हणायची, "गाडी म्हनायचं." घरी आली की भिंतीकडे तोंड करून झोपायची. मग एका मंगळवारी, सेंटरमधून परतताना, ती म्हणाली, "आता पुरे गो. मी दमलंय. तू बी दमलीस."

पुरे म्हणजे काय ते आम्हा दोघींना माहीत होतं. डायलिसिस थांबवलं तर माणूस थोडे दिवस काढतो, मग जातो, हे डॉक्टरांनी अगदी सुरुवातीला आम्हाला शेजारी बसवून सांगितलं होतं. मी म्हटलं, असलं काही बोलायचं नाही. ती म्हणाली, "तुला बरं वाटंल म्हनून गुरुवारी येतंय. मंग न्हाय." स्टिअरिंग धरून नुसती चालवत राहिले. मला रडायला हवं होतं, पण रडायचीही ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिचं वाक्य खोटं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी भाईंनी नवी गाडी आणली. सुकट विकून टाकली होती. नवी मोठी, चकचकीत, पुढे हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. सोसायटीत पेढे वाटले, आमच्याकडेही आले. आईने पेढा हातात घेतला आणि देवापुढे ठेवला. वॉचमनची पंचाईत झाली. नाव ठेवायचं नाही अशी तर सक्त ताकीद, मग ही गाडी ओळखायची कशी? रात्र पडेपर्यंत त्याने तिला "बिना नामवाली" करून टाकलं.

गुरुवारी सकाळी मी आईला धरून खाली आणलं, गाडीत बसवलं आणि समोर पाहिलं, तर नेमकी ती बिननावाची आमची वाट अडवून उभी. फाटकाकडे तोंड करून. चाकाखाली दगड अगदी व्यवस्थित लावलेला. मी दगड काढला आणि ढकललं. गाडी हलेना. वॉचमन आला, दूधवाला आला, पापलेटवाले फिरायला निघाले होते ते आले. चौघांनी जोर लावला. गाडी जमिनीत पुरल्यासारखी. पापलेटवाल्यांनी काचेला डोळे लावून आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, ऑटोमॅटिक आहे. पार्किंगच्या गिअरमध्ये आहे. ही रेड्याने ओढली तरी हलायची नाही."

भाईंनी इतकी वर्षं पाळलेली पद्धत नव्या गाडीलाही पाळली होती, दगड लावला होता आणि निश्चिंत मनाने देरासरला गेले होते. नव्या गाडीला दगड लागत नाही आणि ढकलताही येत नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. फोन ते देरासरला नेत नाहीत. वॉचमन इंटरकॉमवर इंटरकॉम करत होता, त्यांच्या पत्नी पूजेला बसलेल्या, उचलत नव्हत्या. कोणीतरी पळत देरासरकडे गेलं. घड्याळ पुढे चाललं होतं.

आईने काच खाली केली. "र्‍हाऊं दे," ती म्हणाली. "घरी चल. देवानंच अडवलंय." तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. ती सुटका मला बघवली नाही. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. "देवाने नाही अडवलं, एका गाडीने अडवलंय! गप्प बस आणि काच वर कर!" दूधवाला दुसरीकडे बघू लागला. आई माझ्याकडे बघत राहिली. काच तिने वर केली नाही.

तेवढ्यात भाईंच्या पत्नी उतरल्या, पूजेच्या साडीत, अनवाणी, हातात किल्ली. त्यांना गाडी चालवता येत नाही. त्यांनी आमची गाडी पाहिली, आईला पाहिलं, आणि किल्ली माझ्या हातात कोंबली. "बेन, हटाना क्या, इसी में ले जाओ. जल्दी जाओ." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ती फाटकाच्या तोंडाशीच होती. मी आईला या गाडीतून उतरवून त्या गाडीत बसवलं. तिने विरोध केला नाही. लोकांसमोर विरोध करणं तिच्या स्वभावात नाही.

ऑटोमॅटिक मी आयुष्यात चालवली नव्हती. डावा पाय सारखा क्लच शोधत होता. मेट्रोच्या खांबांच्या कडेने मी जीव मुठीत धरून चालले होते. आतमध्ये नव्या रेक्झिनचा आणि उदबत्तीचा वास. आई मागच्या सीटवर अगदी कडेला, पाठ न टेकता बसली होती. पाळी चुकली नाही. नर्सने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आईला आत घेतलं. मी बाकावर बसले आणि तिथे मला रडू आलं. मेल वगैरे काही बघितल्या नाहीत.

परतताना कुठेतरी आईच्या हाताची पट्टी सैल झाली. आवारात पोचून मी मागचं दार उघडलं तेव्हा ती पदराने सीट पुसत होती. सुईच्या जागेतून रक्त ओघळलं होतं आणि त्या पिवळसर नव्या सीटवर चांगला वाटीएवढा डाग पडला होता. पुसून पुसून तो पसरत होता. भाई फाटकाशीच उभे होते. मी तिची पट्टी दाबून धरली आणि त्यांना सरळ सांगितलं, "भाई, सीट खराब झाली. रक्त सांडलंय."

ते वाकले. बघितलं. त्यांचं तोंड कडू झालं, ते त्यांना लपवता आलं नाही. त्यांनी वर बघून पत्नीला हाक मारली, पाणी आण, कपडा आण. आई मान खाली घालून उभी होती. "माज्या हातनं झालं, भाई."

"अरे माजी, सीट है. धुल जायेगी," ते म्हणाले, तोंड अजून तसंच. मग एकदम तापलेच. "लेकिन वो वॉचमन को क्या बोलूं मैं? सुबह से बिना नामवाला, बिना नामवाला. देरासर में आदमी आया, सब के सामने पूछता है, बिना नामवाले भाई कौन है? अच्छा लगता है क्या? सब की गाडी को नाम, एक मेरी को नहीं!"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुम्हीच तर हात जोडून सांगितलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने माझा हात दाबला. ती गाडीकडे बघत होती. आधी पुढून, मग दोन पावलं सरकून बाजूने. बऱ्याच दिवसांनी ती कशाकडे तरी नीट बघत होती.

"मच्छी का नहीं," भाईंनी घाईने सांगितलं.

"न्हाय, मच्छीचं न्हाय," आई म्हणाली. "पन नाव असं उभ्या उभ्या न्हाय ठेवता येत, भाई. गाडी चालताना बगावी लागते, थांबताना बगावी लागते. परवा जाताना वरनं बगतंय, मंग सांगतंय."

"परवा," भाई म्हणाले. "ठीक है." आणि ते बादली घ्यायला गेले.

परवा म्हणजे शनिवार. मी आईचा कोपर धरून तिला जिन्याकडे नेलं आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. बोलले असते तर तिला आठवलं असतं की तिला जायचंच नव्हतं.